बांधावरचा दगड आधी दप्तरात शोधावा लागतो

कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात मोजणी लागली की भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा सरकारी कर्मचारी, आधी हद्दीचा जुना दगड विचारतो. करवीर, शिरोळच्या काळ्या रानात तो सहसा दिसत नाही. बांध कोरत कोरत नांगर तिथवर पोचलेला असतो, कुठे ट्रॅक्टरने दगड उखडलेला असतो, तर नदीकाठी 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांचा गाळ वर बसलेला असतो. मात्र दगड सापडला तरी तो कुठल्या काळातल्या कुठल्या हद्दीचा, हे जमीन सांगत नाही. त्यासाठी मागे जावं लागतं.

या भागात जमीन मोजून देण्याची रीत फार जुनी आहे. शिलाहार राजा विजयादित्याच्या 1143 च्या कोल्हापूर शिलालेखात जैन मंदिराला दिलेलं शेत 'कुंडी दंड' या मोजणीच्या काठीने मोजलेलं आहे. शिवकाळात महाराजांचे सचिव अण्णाजी दत्तो यांच्या जमीन पाहणीत पाच हात पाच मुठींची काठी होती. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो बिघा आणि 120 बिघ्यांचा चावर.

गावाची शीव मात्र माणसांच्या आठवणीत असे. ती दाखवणं हे महारांच्या वतनी कामांपैकी एक होतं आणि शिवेच्या तंट्यात त्यांच्या शब्दाला मोठं वजन असे. शाहू महाराजांनी 1918 मध्ये संस्थानातलं महार वतन रद्द करून त्या जमिनी रयतावा, म्हणजे सारा भरून स्वतःच्या नावावर कसायच्या, केल्या. त्याच सुमारास कुलकर्णी वतन जाऊन पगारी तलाठी आले. गावाची हद्द ज्यांना सर्वांत पक्की ठाऊक होती, त्यांच्या नावावर अखेर स्वतःची जमीन लागली. मोजणीच्या इतिहासात ही गोष्ट दगडांपेक्षा मोठी आहे असं मी मानतो.

आज आपण शोधतो ते दगड बहुतेक इंग्रजी पद्धतीच्या मोजणीतले. दख्खनमध्ये प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची पहिली पाहणी फसली. मग 1836 पासून इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत बसवली आणि 1847 च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. कोल्हापुरात 1844 च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ल्यांवरच्या शिबंदीच्या, बंडानंतर कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती गेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तीच पद्धत संस्थानात आली. कागल, बावडा, विशाळगड, इचलकरंजी या जहागिरी होत्या आणि कुरुंदवाड तर वेगळं संस्थान. चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. त्यामुळे एकाच जिल्ह्यातल्या दोन गावांच्या जुन्या कागदांचा पूर्वेतिहास एक असेलच असं नाही.

ती मोजणी शंकू-साखळीची, म्हणजे काटकोन साधायचा शंकू आणि लांबी मोजायची साखळी यांची. साखळी 33 फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, 1,089 चौरस फूट. म्हणजे एक आणा दोन फुटांहून थोडा जास्त होतो. टिपणातलं, म्हणजे मोजणीवेळी काढलेल्या शेताच्या मापांच्या कच्च्या नकाशातलं, माप आण्यात वाचलेलं असेल, तर त्यावरून आज इंचाचा वाद सोडवता येत नाही. भाऊबंदकीत नेमका तोच वाद असतो!

सर्वांत मोठा घोळ स्वातंत्र्यानंतरचा. जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध आणि एकत्रीकरणाचा कायदा 1947 चा. पुढच्या दशकांत त्याखाली जुन्या सर्व्हे नंबरांचे तुकडे जोडून नव्या नंबरांचे गट झाले. कागदावर गट नंबर चढला, पण रानातले दगड जुन्याच सर्व्हे नंबरांच्या हद्दीवर राहिले. म्हणून आज मोठ्या मुश्किलीने सापडलेला दगड चालू गटाच्या हद्दीवर असेलच असं नाही. टिपण, फाळणी (पोटहिश्शांच्या मोजणीचा कागद), एकत्रीकरणाचा नकाशा आणि गटबुक (गटांच्या मापांची नोंद) शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. जाणता भूकरमापक तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड किंवा एखादी जुनी विहीर पकडतो, तिथून मापं टाकत येतो आणि मगच कुदळ मारायला सांगतो.

आता हातात रोव्हर आला आहे. उपग्रहांच्या आधाराने तो बिंदू सेंटिमीटरमध्ये देतो, पण मूळ बिंदूच चुकीचा धरला तर चूकही तितकीच अचूक उतरते. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याच्या मुरमाड उतारावर जिथे जुने दगड अजून उभे आहेत, तिथे त्यांचे अक्षांश-रेखांश आताच नोंदवून घ्यायला हवेत. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हद्दीच्या खुणा राखण्याची जबाबदारी जमीनधारकावर टाकली आहे आणि त्या मोडणाऱ्याला दंडही ठेवला आहे. रान सपाट करायला यंत्र लावण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयातून टिपणाची नक्कल काढून बांधावरचे दगड तिच्याशी ताडून पाहावेत.