ई-रेट की टायटल फोर-ए? शाळेतल्या इंटरनेटचे आणि क्रोमबुकचे पैसे कुठून येतात

अमेरिकेत शाळेच्या बजेटवर पालक बोलायला लागले की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘टेक्नॉलॉजीसाठी फेडरल पैसा येतोच ना, मग आमच्याकडून क्रोमबुकची फी कशाला?’ (क्रोमबुक म्हणजे शाळा मुलांना देते तो स्वस्त लॅपटॉप.) फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, पैसा येतो हे खरं आहे. पण तो एकाच खात्यात येतो आणि शाळेला हवा तसा खर्च करता येतो, ही समजूत चुकीची. शाळेतल्या तंत्रज्ञानाचा विषय निघाला की सगळ्यात जास्त दोन नावं येतात, ई-रेट आणि टायटल फोर-ए. बैठकीत ती एकाच दमात घेतली जातात आणि ऐकणाऱ्याला वाटतं की ही एकाच योजनेची दोन नावं असावीत. प्रत्यक्षात दोन्हींचा कायदा वेगळा, खातं वेगळं, पैशाचा उगम वेगळा. आणि मुलाच्या दप्तरातला क्रोमबुक एकीत अजिबात बसत नाही, दुसरीत जेमतेम बसतो.

आधी ई-रेट, कारण त्याबद्दल गैरसमज जास्त आहेत. तो १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स ॲक्टमधून आला आणि शाळा-ग्रंथालयांना सवलत १९९८ पासून मिळू लागली. शिक्षण खात्याशी त्याचा संबंध नाही. दूरसंचाराचं नियमन करणारा एफसीसी हा आयोग त्याचे नियम ठरवतो आणि रोजचा कारभार युसॅक नावाची ना-नफा कंपनी पाहते. पैसाही प्राप्तिकरातून येत नाही. फोनच्या बिलात खाली ‘युनिव्हर्सल सर्व्हिस’ अशी एक बारीक ओळ असते, तिथून येतो. दूरसंचार कंपन्यांना उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा या निधीत भरावा लागतो आणि तो त्या ग्राहकाकडूनच काढून घेतात. (भारतातही हाच विचार आहे. दूरसंचार कंपन्यांवरच्या आकारणीतून युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड उभा राहिला, आता त्याचं नाव डिजिटल भारत निधी. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारं भारतनेट त्याच पैशावर चालतं.)

मग याला सरकारी पैसा म्हणायचं की नाही? हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, तोही एकाच वर्षात दोनदा. विस्कॉन्सिन बेल या कंपनीने शाळांना नियमापेक्षा जास्त दर लावले, असा आरोप होता. कंपनीचा एक बचाव असा की निधीतला पैसा खासगी कंपन्यांनी भरलेला आहे, सरकारचा नाही, त्यामुळे सरकारला फसवल्याचा कायदा इथे लागूच होत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने हा बचाव एकमताने फेटाळला. थकबाकी, दंड आणि तडजोडीच्या रकमा मिळून १० कोटी डॉलरहून जास्त पैसा सरकारी तिजोरीतून या निधीत गेला होता, तेवढा आधार पुरेसा आहे, असं न्यायालय म्हणालं. दुसरा खटला सगळ्या निधीच्याच मुळावर आला होता: कर बसवण्याचं काम काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकी संसदेचं, ते आयोगाच्या आणि एका खासगी कंपनीच्या हाती दिलंच कसं? जून २०२५ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी निधी वाचला. निकाल उलटा लागला असता तर पुढच्या वर्षीचं इंटरनेटचं बिल कसं भरायचं, हा प्रश्न देशभरच्या शाळांपुढे उभा राहिला असता.

ई-रेटमध्ये शाळेच्या हातात रोख अनुदान पडत नाही. बिलावर सवलत मिळते, २० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत. सवलतीच्या किंवा मोफत जेवणाला पात्र मुलं किती आणि शाळा शहरी की ग्रामीण, यावर टक्का ठरतो. समजा लाइनचं वर्षाचं बिल १ लाख डॉलर आहे. तीन चतुर्थांश मुलं पात्र असलेल्या शाळेला त्यातले १० हजार भरावे लागतील. सुखवस्तू उपनगरातल्या शाळेला ६० हजार, कधी ८० हजारही.

खर्चाचे वर्ग दोन. इमारतीपर्यंत येणारी लाइन आणि इंटरनेट सेवा पहिल्या वर्गात. इमारतीच्या आतली केबल, स्विच, वायफायचे ॲक्सेस पॉइंट आणि त्यांची देखभाल दुसऱ्या वर्गात. दुसऱ्या वर्गाला पाच वर्षांची मर्यादा असते. २०२१ ते २०२५ या चक्रात ती विद्यार्थ्यामागे १६७ डॉलर होती, म्हणजे ५०० मुलांच्या शाळेला पाच वर्षांत ८३,५०० डॉलरच्या खर्चावर सवलत मागता येत होती. लॅपटॉप, टॅबलेट, स्मार्टबोर्ड, शैक्षणिक ॲप, शिक्षकांचं प्रशिक्षण यांपैकी कशालाही छदाम मिळत नाही. एक विसंगती तर सांगायलाच हवी. इंटरनेटसाठी ई-रेट घ्यायचा तर २००० सालच्या बालसंरक्षण कायद्याप्रमाणे शाळेने अश्लील मजकूर अडवणारा फिल्टर लावलाच पाहिजे, पण त्या फिल्टरचा खर्च ई-रेटमध्ये धरला जात नाही.

कागदपत्रांचा व्यापही मोठा. आधी फॉर्म ४७० भरून गरज जाहीर करायची, निदान २८ दिवस निविदांची वाट पाहायची, निवड करताना किमतीला सगळ्यात जास्त वजन द्यायचं आणि मग फॉर्म ४७१. विक्रेत्याकडून भेटवस्तू घेण्यावरही कडक बंधनं आहेत. लहान डिस्ट्रिक्ट (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था) या कामासाठी बाहेरचा सल्लागार नेमतात ते हौस म्हणून नव्हे.

आता टायटल फोर-ए. १० डिसेंबर २०१५ रोजी ओबामांनी सही केलेल्या ईएसएसए या शिक्षण कायद्याचा हा एक भाग. हा मात्र शिक्षण खात्याचा पैसा, करातून येणारा आणि दरवर्षी काँग्रेसने मंजूर करायचा. २०१७ च्या आर्थिक वर्षात ४० कोटी डॉलर मिळाले, पुढच्या वर्षी ११० कोटी, २०२३ मध्ये १३८ कोटी. राज्यांमार्फत तो डिस्ट्रिक्टकडे जातो आणि वाटणी टायटल वन, म्हणजे गरीब मुलांसाठीच्या मुख्य अनुदानाच्या, प्रमाणात होते.

नावात ‘टेक्नॉलॉजी’ नाही, आणि ते योग्यच आहे, कारण तंत्रज्ञान हा तीनपैकी एक हेतू आहे. पहिला सर्वांगीण शिक्षण: संगीत, कला, विज्ञान, समुपदेशन. दुसरा मुलांची सुरक्षितता आणि आरोग्य. तिसरा तंत्रज्ञानाचा परिणामकारक वापर. ज्या डिस्ट्रिक्टला ३० हजार डॉलर किंवा जास्त मिळतात, त्याने पहिल्या दोन हेतूंवर प्रत्येकी निदान २० टक्के खर्च करायचे आणि तंत्रज्ञानावर काही ना काही. त्यावर आणखी एक अट: तंत्रज्ञानाच्या वाट्यातले फक्त १५ टक्के उपकरणं, सॉफ्टवेअर आणि तत्सम पायाभूत खरेदीवर.

हिशेब करून पाहू. डिस्ट्रिक्टला १ लाख डॉलर मिळाले आणि त्याने जास्तीत जास्त वाटा तंत्रज्ञानाकडे वळवला, तर कारभाराचा खर्च सोडून ६० हजार. त्याचे १५ टक्के म्हणजे ९ हजार. क्रोमबुक ३०० डॉलरला धरला तर ३० नग, साधारण एका वर्गापुरते. उरलेले ५१ हजार शिक्षकांना शिकवण्यासाठी आणि वर्गात तंत्रज्ञान कसं वापरायचं ते बसवण्यासाठी.

शाळांच्या आयटी विभागांना ही मर्यादा जाचते. माझ्या मते ती लावली हे बरंच झालं. क्रोमबुक चार-पाच वर्षांत जुना होतो. विक्रेत्याचं सादरीकरण झालं की खरेदीचा ठराव पटकन होतो, प्रशिक्षणाचा दिवस मात्र वेळापत्रकातून सगळ्यात आधी कापला जातो. आधीच्या नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड कायद्यात तंत्रज्ञानासाठी स्वतंत्र अनुदान होतं, त्यातही सर्वसाधारणपणे २५ टक्के प्रशिक्षणावर खर्चायचे असत. २०११ मध्ये काँग्रेसने ते बंद केलं. टायटल फोर-ए त्याचीच जागा काही अंशी भरून काढते, आणि या वेळी हात आखडता ठेवला आहे तो खरेदीवर.

आणखी एक अट बैठकीत गोंधळ घालते: हा पैसा स्थानिक पैशात भर म्हणून वापरायचा, त्याच्या बदली नाही. गेल्या वर्षी डिस्ट्रिक्टने तंत्रज्ञान प्रशिक्षकाचा पगार स्वतःच्या तिजोरीतून दिला असेल, तर यंदा तोच पगार टायटल फोर-एवर टाकून वाचलेले पैसे पार्किंगच्या डांबरीकरणाला वापरता येत नाहीत. ई-रेटला अशी अट नाही. तिथे आपला वाटा भरला की झालं.

मग प्रत्येक मुलाच्या हातात क्रोमबुक आला कसा? बराचसा महासाथीमुळे. २०२० आणि २०२१ मधल्या तीन मदत कायद्यांतून शाळांना मिळून सुमारे १९० अब्ज डॉलर मिळाले आणि त्यातून उपकरणं घेण्याची मोकळीक होती. शिवाय एफसीसीकडे ७.१७ अब्जांचा वेगळा आपत्कालीन निधी होता. युसॅकच तो हाताळत असल्यामुळे अनेकांना तो ई-रेटच वाटला, आणि ‘ई-रेटमधून लॅपटॉप मिळतात’ ही समजूत तिथूनच पक्की झाली असावी. तो निधी ३० जून २०२४ ला संपला. मदत कायद्यांतला शेवटचा पैसा कुठे खर्चायचा हे ठरवण्याची मुदत त्याच वर्षी ३० सप्टेंबरला संपली. त्या काळातली यंत्रं आता एकदमच म्हातारी होत आहेत, आणि त्यांच्या जागी नवी घ्यायची तर मालमत्ता कर, राज्याचं अनुदान, मतदारांनी मंजूर केलेले बाँड किंवा पालकांची फी याच वाटा उरतात.

फेडरल पैशातून एक पळवाट आहे आणि ती पूर्ण कायदेशीर आहे. टायटल फोर-एची सगळी रक्कम डिस्ट्रिक्ट टायटल वनकडे वळवू शकतो. वळवली की तिला टायटल वनचे नियम लागतात आणि १५ टक्क्यांची अट गळून पडते. टायटल वनमधून उपकरणं घेता येतात, फक्त ती गरीब वस्तीतल्या शाळेच्या आराखड्यात बसली पाहिजेत. त्यामुळे डिस्ट्रिक्टच्या कागदावर टायटल फोर-एसमोर शून्य दिसलं तर पैसा आला नाही असं समजू नये.

दोन्ही वाटांना धोका आहे, पण वेगवेगळ्या दिशेने. टायटल फोर-ए वॉशिंग्टनच्या बजेटवर हेलकावे खाते. जुलै २०२५ मध्ये तर मंजूर झालेला पैसाही प्रशासनाने इतर काही अनुदानांसोबत रोखून धरला आणि महिनाअखेरीस सोडला. ई-रेटला बजेटची भीती नाही, तिथे आयोगातलं बहुमत बदललं की नियम बदलतात. शाळेच्या बसमधलं वायफाय २०२३ मध्ये आणि घरी न्यायचे हॉटस्पॉट २०२४ मध्ये ई-रेटमध्ये बसवले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही काढून टाकले.

पुढच्या बोर्ड मीटिंगला जाणार असाल तर ई-रेटची माहिती विचारत बसायची गरज नाही. कोणत्या शाळेने काय मागितलं, किती मंजूर झालं, कोणत्या कंपनीला काम मिळालं, हे युसॅकच्या संकेतस्थळावर शाळेच्या नावाने शोधता येतं. टायटल फोर-एची तशी सोय नाही. पण तिचा अर्ज तयार करताना डिस्ट्रिक्टने पालकांशी सल्लामसलत करावी, असं कायद्यातच आहे. तेव्हा ती कधी झाली, तंत्रज्ञानाच्या वाट्यातून प्रशिक्षणाला किती दिले आणि काही रक्कम टायटल वनकडे वळवली का, हे तीन प्रश्न मात्र तिथे उभं राहूनच विचारावे लागतील.