अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडचा थायरॉइड व प्रोलॅक्टिन संप्रेरकांवरील परिणाम

टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्या रेणूत फेरफार करून बनवलेली नँड्रोलोन, स्टॅनोझोलॉल, ऑक्सँड्रोलोन यांसारखी औषधे अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड या नावाने ओळखली जातात. टेस्टोस्टेरॉन १९३५ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या लघवीत ही औषधे शोधायला सुरुवात झाली. वृषणांचे काम ती मंदावतात हे सर्वांना माहीत असते. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (स्तनांत दूध तयार करवणारे संप्रेरक) यांवरचा परिणाम मात्र बहुधा रक्ततपासणीचा कागद हाती आल्यावरच लक्षात येतो, आणि तिथेच गोंधळ सुरू होतो.

रक्तातील थायरॉक्सिन, म्हणजे टी४, ९९ टक्क्यांहून अधिक प्रमाणात प्रथिनांना चिकटलेले असते. त्यातला मोठा वाटा यकृतात बनणाऱ्या थायरॉक्सिन-बंधक ग्लोब्युलिनचा, म्हणजे टीबीजीचा. स्टेरॉइड टीबीजीचे प्रमाण घटवतात आणि तोंडावाटे घेतलेल्या प्रकारांत ही घट विशेष दिसते. गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे नेमके उलटे होते. टीबीजी घटले की टोटल टी४ (चिकटलेले आणि मुक्त मिळून) आणि थायरॉइडचेच दुसरे संप्रेरक टी३ यांचा टोटल आकडाही उतरतो. पेशींच्या कामी येणारे मुक्त टी४ आणि थायरॉइडला चालना देणारे पियुषिका ग्रंथीचे संप्रेरक टीएसएच मात्र सहसा मर्यादेतच राहतात. अशा वेळी केवळ टोटल टी४ पाहून थायरॉइडच्या गोळ्या सुरू करणे हा निव्वळ चुकीचा उपचार होय. फार मोठ्या मात्रा घेणाऱ्या शरीरसौष्ठवपटूंमध्ये ग्रंथीच्या स्वतःच्या क्षमतेतही सौम्य घट दिसली आहे, पण ते निरीक्षण थोड्याच व्यक्तींवरचे आहे.

आधीपासून थायरॉक्सिन घेणाऱ्यांचे गणित वेगळे. स्तनाच्या कर्करोगासाठी अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरके) दिलेल्या अशा स्त्रियांमध्ये थायरॉक्सिनची गरज २५ ते ५० टक्क्यांनी कमी झाली. निरोगी ग्रंथी आपले उत्पादन आवरते घेऊ शकते, ठरलेल्या मात्रेच्या गोळीला ते जमत नाही. मग धडधड, घाम, हातांची थरथर अशी अतिरिक्त थायरॉइडची लक्षणे दिसू लागतात. वजन उतरवण्यासाठी स्टेरॉइडसोबत टी३ घेण्याची व्यायामशाळांतली रीत तर त्याहून धोक्याची, कारण जास्त टी३ हृदयाची लय बिघडवते आणि ज्या स्नायूंसाठी एवढा खटाटोप चाललेला असतो तेही झिजवते.

प्रोलॅक्टिन पियुषिका ग्रंथीतून स्रवते आणि मेंदूतून येणारे डोपामिन त्याला सतत लगाम घालते. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रॅडिओल या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. इस्ट्रॅडिओल प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशींना उत्तेजन देत असल्याने प्रोलॅक्टिन थोडे वाढू शकते. स्टॅनोझोलॉल आणि ऑक्सँड्रोलोनचे असे रूपांतर होत नाही. नँड्रोलोन व ट्रेनबोलोन हमखास प्रोलॅक्टिन वाढवतात, हे त्यांच्या प्रोजेस्टेरॉनसदृश क्रियेच्या आधारे छातीठोकपणे सांगितले जाते. माणसांतला पुरावा तेवढा भक्कम नाही. ट्रेनबोलोन तर गुरांसाठीचे औषध आहे. पुरुषाच्या छातीत गाठ आली की दोष प्रोलॅक्टिनला दिला जातो, पण तिचे मुख्य कारण इस्ट्रोजेन आणि अँड्रोजेन यांचा बिघडलेला तोल हे असते.

प्रोलॅक्टिन खरोखर फार वाढले तर कामेच्छा मंदावते, ताठरता येत नाही, क्वचित स्तनांतून दूध येते. ते मेंदूतून वृषणांना जाणारा संदेशही दाबते. मात्र ताण, नुकताच केलेला जोरदार व्यायाम, काही मनोविकारांवरची औषधे आणि पियुषिकेतली गाठ यांनीही ते वाढते. उपचार न झालेल्या थायरॉइड-न्यूनतेत टीआरएच हे मेंदूतले संप्रेरक वाढते आणि टीएसएचसोबत प्रोलॅक्टिनलाही चढवते. म्हणून वाढलेल्या प्रोलॅक्टिनच्या तपासात टीएसएच पाहिलेच जाते. कॅबर्गोलिन हे औषध प्रोलॅक्टिन उतरवते, पण त्याने मळमळ, चक्कर आणि जुगारासारख्या अनावर सवयी उद्भवू शकतात. मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास हृदयाच्या झडपाही जाड होऊ शकतात.

स्टेरॉइड थांबवल्यावर टीबीजी आणि टोटल टी४ साधारण काही आठवड्यांत पूर्ववत होतात. वृषणांचे काम रुळावर यायला मात्र अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. त्या काळातला थकवा आणि उदासी बहुतेकदा टेस्टोस्टेरॉनच्या कमतरतेची असते. थायरॉइडच्या बिघाडाशी तिचे साम्य इतके की मुक्त टी४, टीएसएच आणि सकाळचे टेस्टोस्टेरॉन एकत्र पाहिल्याशिवाय दोन्हींतला फरक कळत नाही.