होमर, पुनरुक्ती आणि ‘महाकाव्य’ नावाचा घोळ

होमर या प्राचीन ग्रीक कवीच्या नावावर असलेल्या ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ यांना आपण सरसकट महाकाव्य म्हणतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. संस्कृत काव्यशास्त्रातले महाकाव्य म्हणजे सर्गबंध: नगर, समुद्र, ऋतू, चंद्रोदय यांची वर्णने, अलंकारांचा साज, आणि शब्द तोलूनमापून लिहिणारा एक कवी. महाभारताला परंपरेने ‘इतिहास’च म्हटले, महाकाव्य म्हणजे रघुवंश, किरातार्जुनीय. मराठी समीक्षेने पुढे आर्ष (परंपरेतून घडलेले) आणि विदग्ध (एका कवीने जाणीवपूर्वक रचलेले) अशी फोड करून वाट काढली. होमर आर्षात बसला खरा, पण त्याला लावायची फूटपट्टी विदग्धाचीच राहिली. मग पुनरुक्ती हा दोष दिसू लागतो. ‘इलियड’चा नायक अकिलीस रुसून जहाजांपाशी बसलेला असतो, तरी तो ‘चपळ पायांचा’च!

नावाला चिकटून पुन्हा पुन्हा येणारी अशी विशेषणे छंदाची गरज आहेत. ओळीत सहा गण, पहिले पाच गुरू-लघू-लघू किंवा दोन गुरू, शेवटचा नेहमी दोन अक्षरांचा. ओळीत जेवढी जागा उरेल तेवढ्या मापाचे विशेषण गायकाच्या जिभेवर तयार लागते. हे 1928 च्या सुमारास पॅरिसमध्ये एका तरुण अमेरिकन अभ्यासकाने ओळी तपासून दाखवले. ‘इलियड’च्या सुमारे 15,700 आणि ‘ओडिसी’च्या 12,100 ओळींचा तो ढीग! गायक अशा तयार साच्यांतून गाता गाता काव्य रचतो, याचा खरा पुरावा मात्र त्याला 1933 ते 35 मध्ये युगोस्लाव्हियात मिळाला. तिथल्या एका निरक्षर गायकाने 1935 मध्ये 12,000 हून अधिक ओळींचे काव्य सांगून उतरवून दिले. पाठांतर नव्हे, तिथल्या तिथे रचना. कीर्तनात आख्यान रंगवणारा बुवा पाहिलेल्याला याचे फार नवल वाटू नये.

होमरच्या काव्यांमागचा काळ धूसर आहे. ग्रीकांनी फिनिशियनांकडून लिपी घेतली ती साधारण इ.स.पू. आठव्या शतकात, पण रानडुकराच्या सुळ्यांचे शिरस्त्राण ‘इलियड’मध्ये येते, ते त्याच्या कितीतरी शतके आधीचे. कवने लेखी कधी आली, यावर वाद आहे.

1960 नंतर मौखिकतेचा, म्हणजे ही काव्ये तोंडी रचली गेली हा सिद्धांत इतका चढला, की होमर म्हणजे साच्यांचा कारखाना वाटावा. हे अतीच झाले, कारण ठरलेले विशेषणही कधी नेमक्या जागी अर्थ घेऊन येते. ‘इलियड’मधला ट्रॉयचा योद्धा हेक्टर, त्याचे ठरलेले विशेषण आहे ‘लखलखत्या शिरस्त्राणाचा’. सहाव्या सर्गात तो बायकोचा निरोप घेताना तेच पुन्हा येते. थोड्या ओळींनंतर त्याचे तान्हे बाळ त्याच शिरस्त्राणाला, वरच्या हलणाऱ्या तुऱ्याला घाबरून रडते. आईबाप दोघेही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मग बाळाचा पापा घेतो.