तळ्यातला गाळ कधी काढायचा, हे कोण ठरवत आलं

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात शिमगा सरला की ग्रामपंचायतीच्या बैठकीत तळ्याच्या गाळाचा विषय हमखास निघतो. निधी मंजूर झाला आणि जेसीबी मिळाला की काम सुरू होतं. गाळ नेमका किती साठला आहे आणि तो काढल्यावर पाणी टिकेल की मुरून जाईल, याची मोजणी मात्र क्वचितच होते. या सवयीमागे मोठा इतिहास आहे.

कर्नाटकातल्या मध्ययुगीन शिलालेखांत तळं बांधणाऱ्याला किंवा राखणाऱ्याला जमीन दिल्याचे उल्लेख जागोजागी सापडतात. ‘बित्तुवट्ट’ म्हणून ओळखली जाणारी ही दानं तळ्याच्या देखभालीशी जोडलेली असत, म्हणजे दुरुस्तीचा खर्च तळ्याखालच्या पिकातूनच निघे. गाळ काढणं हे तर वेगळं काम म्हणून गणलंही जात नसे. चैत्र-वैशाखात पाणी आटलं की शेतकरी बैलगाड्या तळ्यात घालत आणि गाळमाती माळाच्या हलक्या रानात नेऊन पसरत. कुंभार आपल्या चाकासाठी चिकणमाती नेत. खानापूर आजही कुंभारकामासाठी ओळखलं जातं, तिथे ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही आहे. दरवर्षी पातळ थर निघे, आणि कुदळ कठीण चिकणथरावर आपटली की खोदणारा थांबे. त्यामुळे तळ्याचा तळ फुटत नसे.

१८१८ साली पेशवाई गेली आणि हा मुलूख मुंबई इलाख्यात आला. १८५२च्या कायद्याने इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले, दक्षिण महाराष्ट्रातली पुष्कळ इनामं खालसा झाली आणि इनामांवर चालणाऱ्या गावकामांचा आधार सैल पडला. १८७६–७८च्या दुष्काळात रस्ते आणि तळी ही सरकारी मदतीची कामं झाली. अशा कामावर मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर ठरे, म्हणून तळ्याला कुठे खोली हवी यापेक्षा किती घनफूट माती निघाली हे मोठं झालं. आजच्या बिलांतही हाच हिशेब चालतो. आमच्या मते या कामातला मूळ दोष तोच आहे.

१९५६ साली बेळगाव जिल्हा म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात गेला, १९६५ साली नवा पाटबंधारे कायदा आला. ४० हेक्टरपेक्षा जास्त क्षेत्र भिजवणारी तळी लघु पाटबंधारे खात्याकडे आणि त्याहून लहान तळी पंचायत व्यवस्थेकडे, अशी वाटणी रुळली. १९७०च्या दशकात मलप्रभेवर नवीलतीर्थ आणि घटप्रभेवर हिडकल धरण झालं. कालवे आले, मग बोअर आले आणि तळ्याखालच्या शेतकऱ्याचं तळ्यावरचं अवलंबन घटलं. रासायनिक खत आलं, बैलजोड्या कमी झाल्या, गाळमातीला गिऱ्हाईक उरलं नाही. दरसाल थोडा थोडा बाहेर जाणारा गाळ तळ्यातच राहू लागला.

पुढच्या योजनांनी काम पुन्हा सुरू केलं, पण ठोक पद्धतीने. २००५च्या रोजगार हमी कायद्यात जुन्या तळ्यांचं पुनरुज्जीवन बसत होतं, मात्र ठेकेदार आणि मजुरांची जागा घेणारी यंत्रं त्यात चालत नव्हती. २०१७ साली सीमेपलीकडे महाराष्ट्रात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू झाली. कागल, गडहिंग्लज, चंदगडचे पाहुणे इकडच्या गावांत तिच्याबद्दल बोलू लागले. २०२२ साली केंद्राची अमृत सरोवर योजना आली: दर जिल्ह्यात ७५ तळी, प्रत्येकाचं क्षेत्र किमान एक एकर.

आता मूळ प्रश्न: कधी काढायचा? वर्षांवर जाऊ नका, मोजा. बांबूच्या टोकाला ताटलीएवढी पत्र्याची चकती ठोका आणि बांबू पाण्यात अलगद सोडा. चकती जिथे टेकेल तो गाळाचा माथा. त्याच जागी बारीक लोखंडी सळई जोर लावून खाली दाबा. ती जिथे खट्कन अडेल तो जुना तळ. दोन मापांतला फरक म्हणजे गाळाची जाडी. दोरी आखून दर दहा मीटरवर हे माप घ्या आणि वहीत लिहा. गाळाने तळ्याच्या मूळ साठ्यातली पाव ते तिसरा हिस्सा जागा व्यापली असेल, किंवा तूंबाचं (बांधातून पाणी सोडायच्या मोरीचं) तोंड बुजू लागलं असेल, तर काम काढावं. त्याहून कमी असेल तर तो पैसा ओढ्याच्या वरच्या अंगाला दगडी ताली आणि गाळखड्डा करण्यात घाला. वरून माती येत राहिली तर खालची खोदाई काही पावसाळ्यांत भरून जाते.

मापानंतर हिशेब. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एक एकरावर एक फूट गाळ म्हणजे साधारण ४३५ ब्रास. पाच एकर तळ्यात सरासरी दोन फूट धरला तर ४,३५० ब्रास, आणि खोदल्यावर माती पाव पटीने फुगते म्हणून, ट्रॉलीला एक ब्रास धरला तर, ट्रॉल्या भरतात साडेपाच हजारांच्या आसपास. एक जेसीबी दिवसाला ८० ट्रॉल्या भरतो असं धरलं तरी जवळजवळ ७० दिवस लागतात. खानापूर भागात तळी एप्रिलपर्यंत ओली असतात आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर वळवाचा भरवसा नाही. म्हणजे हातात महिनाभरच. अथणीकडे तळं आधी आटतं, तिथे सवड जास्त. पश्चिमेला, म्हणजे खानापूरकडे, काम दोन-तीन उन्हाळ्यांत वाटून घेणं हाच मार्ग. घाईत ओला गाळ उचलला की ट्रॉली रुतते, रस्ता चिखलाने भरतो आणि पाण्याच्या वजनाला डिझेल जातं.

पाणी उतरवायचं तेही बेताने. रोज अर्ध्या फुटापेक्षा जास्त उतरवलं तर आतून भिजलेला बांध खचू शकतो. सर्वांत खोल कोपऱ्यात मासे आणि जनावरांसाठी पाणी राखा. जलपर्णी आणि बेशरमाची झुडपं आधी मुळासकट काढून तळ्याबाहेर न्या.

यंत्र लावण्यापूर्वी चार-पाच चाचणी खड्डे घ्या. वर पालापाचोळा मिसळलेला मऊ चॉकलेटी गाळ दिसतो, त्याखाली निळसर-काळा, कुजका वास येणारा चिकट थर, मग घट्ट पिवळसर माती, तिच्याखाली मुरूम किंवा जांभा. पिवळी घट्ट माती लागली की थांबायचं. तिच्यावर अर्धा ते एक फूट चिकण गाळ ठेवायचा, कारण पाणी धरून ठेवतो तो हाच थर. ठेकेदाराला मुरूम विकता येतो आणि वीटभट्टीला चिकणमाती हवी असते, म्हणून खोदाई खाली खाली जाते. पुढच्या दिवाळीला तळं कोरडं पडलं की लोक पावसाला दोष देतात.

बांधाच्या आतल्या पायथ्यापासून निदान दहा मीटर जागा सोडा. बारीक, सुपीक गाळ नेमका बांधाजवळच असतो, म्हणून तो मोह मोठा. काठाला एकास तीन उतार ठेवा. सरळ कापलेल्या कड्यात जनावरं आणि पोरं बुडतात. तूंबाच्या उंबऱ्याखाली खोदलेलं पाणी पाटाने शेताला येणार नाही, ते जनावरांना आणि विहिरींना उपयोगी, एवढं आधी गावाला सांगा. काढलेली माती बांधाच्या आतल्या अंगाला टाकू नका, पहिल्याच पावसात ती परत आत येते.

शेतात तीन इंच थर म्हणजे एकरी सुमारे ११० ब्रास. जांभ्याच्या किंवा मुरमाड रानाला तो मानवतो. आधीच काळ्या, चोपण (क्षारांनी घट्ट झालेल्या) जमिनीत घालू नये. आधी नमुना बेळगाव जिल्ह्यातल्या मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती प्रयोगशाळेत तपासून घ्या: सामू (पीएच) ८.५ च्या वर किंवा क्षार दाखवणारी विद्युत वाहकता १ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर हात आखडता घ्या. गावाचं सांडपाणी येणाऱ्या किंवा मूर्ती विसर्जनाच्या तळ्यातला गाळ जड धातूंची तपासणी झाल्याशिवाय कोणत्याही पिकाखाली जाऊ नये.

पहिल्या पावसाळ्यात सांडवा मोकळा आहे ना हे पाहा आणि बांधाच्या बाहेरच्या पायथ्याला ओल येते का हे आठवड्याला तपासा. निवळ पाणी झिरपत असेल तर खुणेची काठी रोवून लक्ष ठेवा. गढूळ पाणी आलं तर त्याबरोबर माती वाहते आहे, म्हणून त्याच दिवशी तूंब उघडून पातळी हळूहळू उतरवायला लागा आणि खात्याला कळवा.