गुडघा निसटतो की अडकतो? एसीएल आणि मेनिस्कसमधला फरक

मैदानावर कुणाचा गुडघा पिरगळला की बघणारे निदान करून मोकळे होतात: ‘लिगामेंट गेलं.’ पण गेलेलं दर वेळी लिगामेंटच, म्हणजे दोन हाडं बांधून ठेवणारा पट्टाच, असतो असं नाही. कधी लिगामेंट शाबूत असतं आणि फाटलेली असते गादी, म्हणजे मेनिस्कस.

एसीएल (अँटीरियर क्रुशिएट लिगामेंट) हे गुडघ्याच्या आत तिरकं बसलेलं लिगामेंट. नडगीचं हाड पुढे सरकू नये, हे त्याचं मुख्य काम. ते तुटायला कुणाचा धक्का लागायलाच हवा असं नाही. वेगात दिशा बदलताना किंवा उडी मारून खाली येतानाही तुटतं. अनेकांना ‘कट्’ असा आवाज येतो. सांध्यात रक्त साचून काही तासांतच गुडघा टम्म फुगतो. फसवा भाग पुढचा. महिन्याभरात सूज ओसरते, सरळ चालता येतं, खेळाडूला वाटतं बरं झालं. आणि वळायला गेलं की गुडघा निसटतो.

मेनिस्कस म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांच्या मधल्या दोन अर्धचंद्राकृती गाद्या. वाकलेल्या गुडघ्यावर भार असताना पीळ बसला की त्या फाटतात. सूज सावकाश, बहुधा दुसऱ्या दिवशी येते. सांध्याच्या फटीवर बोट दाबलं की नेमकं तिथेच दुखतं. फाटलेला तुकडा मध्ये अडकला, तर पाय सरळच होत नाही.

साध्या एक्स-रेत यातलं काहीच दिसत नाही. हाताने करायच्या तपासण्याही वेगळ्या: एसीएलसाठी लॅकमन, मेनिस्कससाठी मॅकमरे. मग एमआरआय. बऱ्याचदा दोन्ही दुखापती एकत्रच निघतात, ते वेगळंच.

एप्रिल २०१७ मध्ये फुटबॉलपटू झ्लाटान इब्राहिमोविच उडी मारून चुकीचा उतरला आणि त्याचं एसीएल तुटलं. तो नोव्हेंबरमध्ये परतला. टेनिसपटू रॉजर फेडररचं मेनिस्कस २०१६ मध्ये मुलींच्या आंघोळीची तयारी करताना फाटलं! फेब्रुवारीत शस्त्रक्रिया, एप्रिलमध्ये पुन्हा कोर्टवर.

यावरून मेनिस्कस ‘किरकोळ’ वाटेल. माझ्या मते सर्जनची खरी कसोटी तिथेच लागते. पूर्ण तुटलेल्या एसीएलची वाट बऱ्यापैकी ठरलेली: पुन्हा वळणावळणाचा खेळ खेळायचा असेल, तर बहुतेकदा खेळाडूचाच टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) घेऊन नवं लिगामेंट बसवायचं आणि शक्यतो नऊ महिने तरी सामना खेळू द्यायचा नाही. मेनिस्कसमध्ये मात्र प्रश्न असतो, कापायचं की शिवायचं? फाटका भाग काढला तर खेळाडू काही आठवड्यांत धावतो. टाके घातले तर चार ते सहा महिने जातात. खेळाडूला, संघालाही, पहिला पर्याय हवा असतो. पण एके काळी अख्खं मेनिस्कस सर्रास काढत, आणि अशा गुडघ्यांच्या एक्स-रेत सांध्याची झीज दिसते हे ब्रिटिश सर्जन फेअरबँक यांनी १९४८ मध्येच दाखवलं होतं. म्हणून शिवता येईल तेवढं शिवावं, हा आजचा कल. पण मेनिस्कसला रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या कडेला असतो. तिथली फाट जुळून येते, आतली सहसा नाही.

फाट नेमकी कशी आहे, हे कित्येकदा दुर्बीण आत गेल्यावरच पक्कं कळतं. त्यामुळे भूल देण्याआधीच खेळाडूशी दोन्ही शक्यता बोलून ठेवाव्या लागतात.