घासलेली कॅसेट आधी आणा
शास्त्रीय गाण्याच्या जुन्या कॅसेट आणि तबकड्या पेनड्राइव्हवर करून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

काऊंटरवर पिशवी ठेवली की बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "हे सगळं भरून सोडा की ओ." पिशवीत तीस-चाळीस कॅसेट, दोन-चार एलपी, कधी आजोबांच्या वेळच्या लाखेच्या तबकड्या. त्या पुसून, डब्या लावून, गठ्ठे बांधून आणलेल्या. काम आनंदानं घेतो. पण महिन्याभरात त्याच काऊंटरवर तेच गिऱ्हाईक पुन्हा उभं राहतं आणि म्हणतं, "सगळं आलंय ओ, पण मी जे ऐकत होतो ते तेवढं सापडंना झालंय."

सापडणार कसं? ती कॅसेट घरीच राहिलेली असते.

आमचा सगळ्यात जास्त वेळ कुठं जात असेल तर इथं. लोक चांगली दिसणारी कॅसेट आणतात आणि खरी ऐकलेली कॅसेट लाजेनं घरी ठेवतात. जिच्या डबीचा कोपरा फुटलाय, जिच्यावरचं लेबल अंगठ्यानं घासून पांढरं झालंय, जिच्यावर बॉलपेननं "तोडी – बाबांची" एवढंच लिहिलंय, ती. "खराब झालीय, म्हणून आणली नाही," असं उत्तर मिळतं. अहो, खराब झालीय म्हणजेच ती तुमच्या आवडीची आहे. वीस वर्षं जी कधी पूर्ण वाजलीच नाही ती कोरीकरकरीत राहणारच. कॅसेटला जीभ नसते, पण डबीकडं बघून घरात काय ऐकलं जायचं ते आम्हाला कळतं.

मग दुसरी पिशवी येते. आधी लावलेला क्रम मोडायचा, फाइलींचे आकडे बदलायचे, काही काढायच्या, पेनड्राइव्ह पुन्हा लिहायचा. हे दुसऱ्यांदा करताना आम्ही पैसे घेतो आणि त्यावरून काऊंटरवर तोंडं वाकडी होतात, म्हणून हा कागद.

कॅसेटचं काम फोटोकॉपीसारखं नसतं. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात, कारण ती वाजवूनच घ्यावी लागते. अशा तीस कॅसेट म्हणजे नुसतं वाजवण्याचे 45 तास. त्यात टेप गुंडाळून घेणं, दर कॅसेटनंतर हेड, म्हणजे टेपवरचा आवाज उचलणारा भाग, पुसणं, आतला स्पंज गळाला असेल तर दुसऱ्या कॅसेटच्या पोटातून काढून बसवणं हे वेगळं. "संध्याकाळपर्यंत देता काय?" असं विचारू नका. आम्हाला नाही म्हणायला वाईट वाटतं.

किती भरायचं

64 जीबीचा पेनड्राइव्ह आज कुठंही मिळतो. चांगल्या दर्जाच्या एमपी3मध्ये, म्हणजे 320 केबीपीएसमध्ये, एका तासाला साधारण 144 एमबी लागतात. हिशेब केला तर त्यात 440 तासांच्या आसपास गाणं मावतं. रोज एक तास ऐकलं तर सुरुवातीला परत यायला चौदा महिने लागतील. ऐकायला छान वाटतं, पण ख्याल, म्हणजे एकच राग उलगडत नेणारं शास्त्रीय गाणं, असा ऐकता येत नाही. चौदा महिन्यांनी भेटणारा माणूस ओळखीचा होतो का?

आमचा सल्ला दहा-बारा तासांचा. फार झालं तर पंधरा. बारा तास म्हटलं की रोज तासभर ऐकणाऱ्याला तोच मारवा राग बाराव्या-तेराव्या दिवशी परत भेटतो. पहिल्या खेपेला फक्त आवाज कळतो, दुसऱ्या खेपेला बंदिशीचे शब्द लागतात, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याआधी तुमची मान आपोआप हलायला लागते. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल अशा परत परत भेटीसाठीच असतो. उरलेल्या कॅसेट नकोत असं नाही. त्या वेगळ्या पेनड्राइव्हवर करून देतो, कपाटात ठेवा. पण रोजचा वेगळा असू द्या. दोन पेनड्राइव्ह विकायला मिळावेत म्हणून सांगतोय असं काही जणांना वाटतं. थोडं खरंही आहे.

खानापूरकडचे एक निवृत्त गुरुजी आले होते. यादी सुंदर अक्षरात लिहून आणलेली, धृपद, रुद्रवीणा, अनवट राग, सगळं. कॅसेटही होत्या. काम करता करता त्यांना विचारलं, गुरुजी, काल रात्री काय ऐकलं? थोडं घुटमळून म्हणाले, "अभंग. भीमसेनांचे." मग ते यादीत का नाही? तर म्हणे, शास्त्रीयच्या यादीत अभंग कसे घालायचे! घाला की. नाट्यपदं घाला, ठुमरी घाला, कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं घाला. पाहुण्यांना दाखवायची यादी आणि कानाला पाहिजे ती यादी वेगळी असते. आम्ही दुसरी करतो.

आधी आठवडाभर एक काम करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकटीत, रोज काय लावलं आणि ते शेवटपर्यंत ऐकलं का अर्ध्यात बंद केलं, तेवढंच लिहा. वेळ पण लिहा. ते पान फाडून आणलंत तर आमचं निम्मं काम झालं.

वेळ का लिहायची? बहुतेकांचं ऐकणं दिवसाच्या एकाच वेळेला होतं. पहाटे उठणाऱ्याला ललत, भैरव, तोडी पाहिजे. दुपारी दुकान अर्धं मिटून बसणाऱ्याला सारंग आणि नंतर भीमपलास, मुलतानी. आमच्याकडं येणारे निम्मे लोक रात्री जेवणानंतर ऐकतात आणि यादीत मात्र सगळे सकाळचे राग लिहून आणतात, कारण कॅसेट त्याच रागांच्या होत्या. रात्री अकराला जौनपुरी ऐकू नये असा काही कायदा नाही, पण बागेश्री, मालकंस, दरबारी असेल तर तो पेनड्राइव्ह जास्त दिवस ऐकला जातो एवढा आमचा अनुभव. अमीर खाँ साहेबांच्या एका प्रसिद्ध एलपीवर एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी आहे. आम्ही त्या दोन बाजू दोन फोल्डरमध्ये टाकतो, मारवा संध्याकाळच्या आणि दरबारी रात्रीच्या. कुणी अजून तक्रार केलेली नाही.

आणखी एक. एकाच गायकाचं सगळं भरलं की कान लवकर थकतो, गायक कितीही मोठा असो. त्यापेक्षा एकच राग दोन घराण्यांतला शेजारी ठेवा. आपल्याला त्यासाठी लांब जायला नको. भीमसेन जोशी गदगचे, 1922चा जन्म, गुरू कुंदगोळचे सवाई गंधर्व, गाणं किराणा घराण्याचं. एकेका स्वरावर थांबत, त्याला मोठा करत वर जायचं. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूरचे, 1910चा जन्म, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडची जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम. तिथं थांबायला सवड नाही, लयीच्या अंगानं एकात एक गुंतलेली वीण, आणि धाग्याचं टोक समेवरच हाती येतं. दोघांचा एकच राग लागोपाठ ऐकला की राग म्हणजे काय आणि गायक म्हणजे काय हे वेगळं दिसायला लागतं. आणि कुमार गंधर्व तर आपल्याच बेळगाव तालुक्यातले, सुळेभावीचे. इकडं जन्मून तिकडं देवासला माळव्याची लोकधून ऐकत बसलेला तो माणूस. त्यांचं एक तरी ठेवा. पहिल्या खेपेला नाही रुचलं तर काढू नका, चौथ्या खेपेनंतर आम्हाला सांगा.

खरखर पूर्ण का काढत नाही

हा दुसरा नेहमीचा प्रश्न. यंत्रावर एक बटण दाबलं की खरखर जाते, हे खरं आहे. पण तिच्याबरोबर तंबोऱ्याची वरची झणझण जाते, गायकाचा श्वास जातो, तबल्याच्या चाटेची धार जाते. मागं उरतं ते पाण्याखालून आल्यासारखं. म्हणून आम्ही खरखर कमी करतो, संपवत नाही. "शेजारच्याकडं एकदम क्लीन करून मिळतं" असं कुणी म्हणालं तर आम्ही त्यांना तेच गाणं दोन्ही तऱ्हांनी ऐकवतो. दुकानात त्यासाठी दोन खुर्च्या आणि एक बरी जोडी स्पीकर ठेवलेत.

त्यापेक्षा वेगाची चूक मोठी. घरच्या टेपरेकॉर्डरवर रेडिओवरून भरलेल्या कॅसेट इकडं खूप आहेत. धारवाड केंद्र लावून रात्री टेपचं बटण दाबून बसणारी एक अख्खी पिढी होती आपल्याकडं. त्यातली काही यंत्रं हळू चालायची. हळू भरलेली टेप आमच्या बरोबर वेगाच्या डेकवर वाजवली की सूर चढतो आणि बुवा घाईत असल्यासारखे वाटतात. अशा वेळी आम्ही मागची गुणगुण ऐकतो. आपली वीज 50 हर्ट्झची, तिचीच गुणगुण टेपवर उतरलेली असते. ती 50च्या वर आली तर टेप तेवढीच जोरात धावतेय, वेग त्या मापानं खाली आणायचा. हेडचा कोनही कॅसेटगणिक स्क्रू फिरवून जुळवावा लागतो, नाहीतर आवाज दबका येतो. बिलात हे वेगळं लिहीत नाही.

कॅसेट पलटताना तुटलेला राग आम्ही जोडून एक फाइल करतो. विलंबित आणि द्रुत, म्हणजे संथ आणि जलद भागसुद्धा एकाच फाइलीत. असं का, तर गाडीतलं यंत्र शफलवर, म्हणजे क्रम मोडून कुठलंही गाणं लावण्यावर, असलं की विलंबित तोडीनंतर द्रुत बिहाग वाजतो आणि दोष आमच्या माथी येतो. शफल बंद ठेवा. फाइलींच्या नावांपुढं आकडे घालतो आणि नावं रोमन लिपीत देतो, कारण पुष्कळ गाड्यांच्या पडद्यावर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसतात. छापील यादी मात्र मराठीत मिळेल. नातवाला मराठी वाचता येत नाही म्हणून कन्नडमध्ये मागणारेही आता येतात, तीही देतो, जास्त पैसे नाहीत.

जे करत नाही ते

इंटरनेटवरून उतरवून भरून देत नाही. तुमच्या मालकीची कॅसेट, तबकडी किंवा सीडी असेल तर तिची तुमच्यासाठी एक प्रत, एवढंच. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं चालतो, त्यामुळं "मामांना पण एक कॉपी काढा" म्हटलं तरी हात जोडू. मामांना त्यांची कॅसेट घेऊन पाठवा.

आणण्याआधी

कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी पूड दिसली तर ती बुरशी आहे. वाजवून बघू नका. एकदा वाजवली की ती तुमच्या यंत्राच्या हेडला लागते आणि मग पुढच्या प्रत्येक कॅसेटला. आपल्याकडं चार महिने जो पाऊस पडतो त्यात माळ्यावरच्या कॅसेटला हे होतंच. वेगळ्या पिशवीत घालून आणा, आमच्याकडं तिच्यासाठी जुनं वेगळं डेक आहे.

लाखेच्या जुन्या तबकड्या स्पिरिटनं पुसू नका. स्पिरिटमध्ये लाख विरघळते. निपाणीहून एक मावशी अब्दुल करीम खाँची तबकडी अशी चकचकीत पुसून घेऊन आल्या होत्या. चकाकी होती, गाणं निम्मं गेलं होतं. कोरड्या मऊ कपड्यात गुंडाळून, उभी धरून आणा, बाकी आम्ही बघतो. तिला सुईही जाड लागते, एलपीची सुई चालत नाही. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावतात, पण तेवढ्यात त्या लोकांनी राग उभा केलाय. बारा तासांच्या यादीत अशी दोन-तीन ठेवाच, चहा उकळेपर्यंत एक होते.

काम झाल्यावर मूळ कॅसेट परत घेऊन जा. पेनड्राइव्ह मिळाला की लोक पिशवी विसरतात. मागच्या खोलीत अशा अकरा पिशव्या आहेत, काहींवर नुसतं "अनगोळ" किंवा "शहापूर" लिहिलंय. पेनड्राइव्ह एक दिवस अचानक बंद पडतो, कॅसेट सांगून-सवरून बिघडते. घरी नेऊन कपाटात उभ्या ठेवा, स्पीकरपासून लांब, माळ्यावर नको.

मे महिन्यात आणलं तर आठ दिवसांत देतो. जूननंतर लाइटचा भरवसा नाही, आणि टेप चालू असताना लाइट गेली तर ती बाजू पहिल्यापासून घ्यावी लागते. दर काऊंटरवर लावलेत. पिशवीत सगळ्यात वर घासलेली कॅसेट ठेवा, काम तिच्यापासून सुरू करू.