डिटोनेशन की प्री-इग्निशन?

छोट्या विमानाच्या पिस्टन इंजिनात वितळलेला पिस्टन सापडला की कोणी म्हणतं डिटोनेशन, कोणी प्री-इग्निशन. बरेच जण दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतात. खरं तर एक बिघाड ठिणगीनंतरचा, दुसरा ठिणगीच्या आधीचा.

डिटोनेशनमध्ये ठिणगी वेळेवरच पडते. ज्वाला प्लगपासून पसरू लागते, पण कोपऱ्यातलं उरलेलं इंधन-हवेचं मिश्रण दाबानं इतकं तापतं की ज्वाला पोचायच्या आतच एकदम भडकतं. धातूला चिकटून असलेला वायूचा पातळ, जरा थंड थर त्या धक्क्यांनी उधळला जातो आणि उष्णता थेट पिस्टनमध्ये शिरते. कमी ऑक्टेनचं इंधन, भरपूर पॉवरवर नको तितकं लीन (इंधन कमी) केलेलं मिश्रण, तापलेली हवा, पुढे सरकलेलं टायमिंग म्हणजे लवकर पडणारी ठिणगी, यातलं काहीही कारण ठरू शकतं. मोटारीत नॉक सेन्सर याचे ठोके ओळखून ठिणगी उशिरा पाडतो. बहुतेक छोट्या विमानांत मॅग्नेटोचं, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्राचं, टायमिंग पक्कं असतं, बऱ्याच इंजिनांत पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या 20 ते 25 अंश (क्रँकशाफ्टच्या फिरण्याचे) आधी. शिवाय प्रोपेलरच्या आवाजात ठोके ऐकू येणार कुठून!

प्री-इग्निशन ठिणगीची वाटच बघत नाही. प्लगचं तडकलेलं सिरॅमिक किंवा लालबुंद झालेला कार्बनचा खडा मिश्रण आधीच पेटवतो. पिस्टन अजून वर चढतोय आणि जळता वायू त्याला खाली रेटतोय, अशी ओढाताण. सिलिंडर-हेडचं तापमान बघता बघता चढतं. एक्झॉस्टचं तापमान मात्र उतरतं, त्यामुळे फक्त तेवढाच काटा बघणाऱ्याला वाटतं, इंजिन थंड होतंय!

हलकं डिटोनेशन इंजिन काही काळ सोसतं. पॉवर कमी करा, मिश्रण रिच करा (इंधन वाढवा), विमानाचं नाक खाली करून इंजिनाला थंड हवा मिळू द्या, बहुधा थांबतं. प्री-इग्निशनला इतकी सवड नसते. पिस्टनला भोक पडायला मिनिटभरही पुरतं, म्हणून थ्रॉटल लगेच मागे. गोंधळ वाढतो तो एकातून दुसरं जन्मतं म्हणून: डिटोनेशननं प्लग तापतो आणि तोच पुढे आग लावतो. पिस्टनवरच्या खुणांतून थोडा अंदाज येतो. कडेला वाळूचा मारा झाल्यासारखी खरवड आणि रिंगांजवळची मोडतोड बहुधा डिटोनेशनची, मधोमध वितळलेलं भोक बहुधा प्री-इग्निशनचं.

म्हणूनच हातातून जमिनीवर पडलेला प्लग वरून धडधाकट दिसला तरी जाणता मेकॅनिक तो फेकून देतो. आतलं सिरॅमिक तडकलं असेल तर बाहेरून कळत नाही.